स्मृतिऱ्हासाच्या पूर्वावस्थेतील मेंदूप्रतिमा : खूण आणि तिचा अर्थ

स्मृतिभ्रंशासंबंधीच्या आजच्या संशोधनपर लिखाणात 'बायोमार्कर' हा शब्द पदोपदी भेटतो. त्यासाठी 'जैवनिदर्शक', 'जैवचिन्हक' असे प्रतिशब्द योजले जातात; परंतु प्रस्तुत लेखात 'खूण' हा जुना, घरगुती शब्दच वापरला आहे. त्याचे कारण असे की, खूण म्हटली की ती कशाची, ती कोणी ओळखायची आणि ती फसवी तर नाही ना, हे तीन प्रश्न मराठी माणसाच्या मनात आपोआप उभे राहतात. लांबलचक पारिभाषिक शब्दाने नेमके हेच प्रश्न झाकले जातात. रुग्ण स्वतः सांगतो किंवा त्याच्या वागण्यातून दिसते ते लक्षण; आणि रुग्णाला जिची जाणीवही नसते, परंतु उपकरणाच्या साहाय्याने जी दाखविता येते ती खूण, असा भेद पुढील विवेचनात धरला आहे. मेंदूच्या प्रतिमा घेण्याची साधने गेल्या पन्नास वर्षांत इतकी सुधारली आहेत की, स्मृतीविषयीची तक्रार सुरू होण्यापूर्वी दहा-पंधरा वर्षे आधीच मेंदूत काही खुणा दिसू शकतात. ही गोष्ट आता बहुतेक अभ्यासकांना मान्य आहे. त्या खुणेवरून एखाद्या विशिष्ट व्यक्तीच्या भवितव्याविषयी काय म्हणता येते, यावर मात्र तीव्र मतभेद आहेत, आणि त्या मतभेदाचे स्वरूप समजून घेणे हा या लेखाचा हेतू आहे.

प्रारंभी थोडा इतिहास पाहणे अवश्य आहे. नोव्हेंबर १९०१ मध्ये जर्मनीतील फ्रँकफुर्ट येथील मनोरुग्णालयात ५१ वर्षे वयाची एक स्त्री दाखल झाली. नाव विचारले असता तिने 'ऑगस्टे' असे सांगितले. नवऱ्याचे नाव विचारले असता त्याचेही उत्तर तिने तेच दिले. आलोइस आल्झायमर या वैद्याने तिच्याशी झालेली प्रश्नोत्तरे नोंदवून ठेवली. एप्रिल १९०६ मध्ये ती मरण पावली, तेव्हा तिचा मेंदू मागवून घेऊन आल्झायमरने रौप्यरंजनाच्या नव्या पद्धतीने त्याचे छेद तपासले. मज्जापेशींच्या बाहेर साचलेले पुंजके आणि पेशींच्या आत माजलेले तंतूंचे गुंते त्याला आढळले. ३ नोव्हेंबर १९०६ रोजी ट्युबिंगेन येथील सभेत त्याने ही हकीकत सांगितली, आणि १९१० मध्ये क्रेपेलिनने आपल्या मनोविकृतिशास्त्रावरील ग्रंथात या विकाराला आल्झायमरचे नाव दिले. पुंजके ॲमिलॉइड नावाच्या प्रथिनांशाचे असतात आणि गुंते टाऊ नावाच्या प्रथिनाचे असतात, हे पुष्कळ पुढे, १९८० नंतर, स्पष्ट झाले.

या इतिहासाचा एक परिणाम दीर्घकाळ टिकला. लक्षणे जिवंतपणी आणि विकृती मृत्यूनंतर, अशी विभागणी कायम झाली. १९८४ मध्ये अमेरिकेत निदानाचे जे निकष ठरले, त्यांतही जिवंत रुग्णाच्या बाबतीत 'संभवनीय' किंवा 'शक्य' एवढेच निदान करण्याची मुभा होती. 'निश्चित' हा शब्द मेंदूचा छेद पाहिल्याखेरीज वापरता येत नसे. आपल्याकडे तर 'साठी बुद्धी नाठी' या म्हणीत वार्धक्य आणि विस्मरण यांची सांगडच घातलेली असल्यामुळे, निदानाची गरजच फारशी कोणाला वाटली नाही. मेंदूप्रतिमांनी ही विभागणी मोडली. जिवंतपणीच विकृती दिसू लागली. एवढेच नव्हे, तर लक्षणांच्या आधी दिसू लागली. प्रस्तुत विषयातील सारे कुतूहल आणि साऱ्या अडचणी या एका उलटापालटीतून निर्माण झाल्या आहेत.

मेंदूचा कोणता भाग पाहावयाचा, याचे उत्तर शरीररचनाशास्त्राइतकेच मानसशास्त्रानेही दिले आहे. १९५३ मध्ये अमेरिकेतील हार्टफर्ड येथे विल्यम स्कोव्हिल या शल्यचिकित्सकाने अपस्माराच्या एका तरुण रुग्णाच्या दोन्ही शंखखंडांचा आतील भाग काढून टाकला. त्यात हिप्पोकॅम्पस या अवयवाचा बराचसा अंश होता. झटके कमी झाले, बुद्धिमत्ता शाबूत राहिली, परंतु त्या दिवसापासून घडलेली गोष्ट त्या तरुणाच्या ध्यानात राहीना. स्कोव्हिल आणि ब्रेंडा मिल्नर यांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधातील हा रुग्ण एच्. एम्. या आद्याक्षरांनी आपल्या विद्यार्थ्यांना परिचित आहेच. पुढे १९९१ मध्ये हायको आणि एव्हा ब्राक या जर्मन दांपत्याने ८३ मृतांचे मेंदू तपासून टाऊच्या गुंत्यांचा प्रवास सहा पायऱ्यांत मांडला. गुंते प्रथम हिप्पोकॅम्पसच्या लगतच्या बाह्यकात, म्हणजे ज्या वाटेने अनुभव हिप्पोकॅम्पसकडे जातो त्या वाटेवरच, दिसतात. नंतर ते हिप्पोकॅम्पसमध्ये व त्याच्या परिसरात येतात. आणि अखेरीस बाह्यकाच्या बहुतेक भागांवर पसरतात. ॲमिलॉइडचे पुंजके मात्र हा क्रम पाळत नाहीत. ते आधी वरच्या, विस्तीर्ण बाह्यकात जमतात आणि हिप्पोकॅम्पसकडे मागाहून वळतात. विद्यार्थ्यांनी हा फरक ध्यानात ठेवावा; पुढील पुष्कळशा कोड्यांचे मूळ त्यात आहे.

सर्वांत सुलभ आणि सर्वत्र उपलब्ध अशी प्रतिमा म्हणजे चुंबकीय अनुस्पंदनाची, अर्थात एम्. आर्. आय्. होय. तिच्यात पुंजके दिसत नाहीत आणि गुंतेही दिसत नाहीत. दिसते ती झीज. हिप्पोकॅम्पस आक्रसला की त्याच्या शेजारची द्रवाने भरलेली पोकळी रुंदावते. १९९२ मध्ये फिलिप शेल्टन्स आणि त्यांच्या डच सहकाऱ्यांनी ही पोकळी व हिप्पोकॅम्पसची उंची नुसत्या डोळ्यांनी पाहून शून्य ते चार असे गुण देण्याची पद्धत सुचविली. ती इतकी साधी आहे की आजही दैनंदिन व्यवहारात वापरली जाते. सूक्ष्म मापन करावयाचे तर मात्र अवयवाची सीमारेषा आखून त्याचे घनफळ काढावे लागते. स्मृतिभ्रंशाच्या सौम्य अवस्थेत हे घनफळ समवयस्क निरोगी माणसांपेक्षा साधारणतः १५ ते ३० टक्क्यांनी कमी आढळते. काळाच्या ओघात होणारी घट अधिक बोलकी असते. निरोगी वृद्धांत ती वर्षाला सुमारे १.५ टक्का, तर आल्झायमरच्या रुग्णांत सुमारे ४.५ टक्के असते.

हे आकडे वाचताना मापनाची अडचण नजरेआड होऊ देऊ नये. एका बाजूच्या हिप्पोकॅम्पसचे घनफळ ढोबळमानाने तीन घन सेंटिमीटर असते. प्रतिमेतील एक ठिपका एक घन मिलिमीटरचा धरला, तर साऱ्या अवयवाचे मिळून तीन हजार ठिपके होतात. निरोगी वृद्धाच्या बाबतीत वर्षभरात त्यांतील सुमारे ४५ ठिपके जातात, रुग्णाच्या बाबतीत सुमारे १३५. निदानाचा आधार या दोहोंतील अंतरावर, म्हणजे ९० ठिपक्यांवर आहे. आता सीमारेषा सर्व बाजूंनी अर्धा मिलिमीटर आत किंवा बाहेर आखली गेली, तर पडणारा फरक या ९० ठिपक्यांच्या कितीतरी पट असतो! हिप्पोकॅम्पस कोठे संपला मानावयाचे याविषयी निरनिराळ्या प्रयोगशाळांत पूर्वी एकवाक्यता नव्हती. २०१५ च्या सुमारास युरोप व अमेरिकेतील अभ्यासकांनी एक समान पद्धती निश्चित केली, तेव्हा कोठे एका ठिकाणचे माप दुसऱ्या ठिकाणच्या मापाशी ताडून पाहता येऊ लागले. एकाच यंत्रावर, एकाच रीतीने घेतलेल्या दोन प्रतिमा परस्परांशी ताडल्यास चूक पुष्कळच कमी होते. म्हणून एका प्रतिमेवरून घाईने निष्कर्ष काढू नये, असे अनुभवी लोक सांगतात ते योग्यच आहे.

तरीही या मापाला पूर्वसूचनेचे मूल्य आहे. दैनंदिन व्यवहार सुरळीत चालतात, परंतु स्मृती वयाच्या मानाने निश्चित उणी झालेली आहे, अशा मधल्या अवस्थेचे निकष रोनाल्ड पीटर्सन यांनी १९९९ मध्ये मांडले. तिला आपण 'सौम्य बोधात्मक ऱ्हास' म्हणू. रुग्णालयात येणाऱ्या अशा व्यक्तींपैकी दर वर्षी १० ते १५ टक्के पुढे स्मृतिभ्रंशाकडे जातात, तर निरोगी वृद्धांत हे प्रमाण एक ते दोन टक्के असते. त्याच वर्षी क्लिफर्ड जॅक यांनी मेयो क्लिनिकमधील अशा ८० व्यक्तींची पाहणी प्रसिद्ध केली. सुमारे पावणेतीन वर्षांत त्यांतील २७ जणांना स्मृतिभ्रंश जडला, आणि ज्यांचा हिप्पोकॅम्पस आरंभी लहान होता त्यांना हा धोका अधिक असल्याचे दिसून आले. परंतु हिप्पोकॅम्पस आक्रसण्याची कारणे अनेक आहेत. दीर्घकालीन अपस्मार, मेंदूला अपुरा रक्तपुरवठा आणि अतिवृद्धांत टी.डी.पी.-४३ या निराळ्याच प्रथिनाचा संचय, यांमुळेही तो आक्रसतो. या शेवटच्या विकृतीला स्वतंत्र नाव मिळाले ते २०१९ मध्ये. तिच्यामुळे होणारे विस्मरण आल्झायमरच्या विस्मरणापासून वरवर वेगळे ओळखू येत नाही. तात्पर्य, झीज ही हानी झाल्याची खूण आहे. हानी कोणी केली हे ती सांगत नाही.

दुसरी प्रतिमा साखरेची. मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे दोन टक्के, पण शरीराच्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे वीस टक्के ऊर्जा तो वापरतो, आणि ती मुख्यतः ग्लुकोजपासून. लुई सोकोलॉफ यांनी ग्लुकोजसारख्याच, पण पेशीत शिरल्यावर पुढे न पचणाऱ्या द्रव्याच्या साहाय्याने हा वापर मोजण्याची रीत शोधली. त्या द्रव्याला किरणोत्सर्गी फ्लुओरीन जोडून, म्हणजे एफ्. डी. जी. या रूपात, ते १९७६ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात प्रथम माणसाला टोचण्यात आले. पॉझिट्रॉन उत्सर्जनावर आधारलेल्या पी. ई. टी. यंत्राने मेंदूचा कोणता भाग किती साखर ओढून घेतो हे पाहता येते. १९९७ मध्ये सातोशी मिनोशिमा यांनी दाखवून दिले की, अगदी प्रारंभीच्या अवस्थेत सर्वांत आधी मंदावतो तो मेंदूच्या मध्यरेषेजवळचा पश्च सिंग्युलेट भाग. हिप्पोकॅम्पसपासून दूर असलेला हा भाग का मंदावावा, असा प्रश्न साहजिकच पडतो. तो हिप्पोकॅम्पसशी तंतूंनी जोडलेला आहे, हे त्याचे एक उत्तर. दुसरे असे की, माणूस स्वस्थ बसून गतगोष्टी आठवत असतो तेव्हा मेंदूचे जे भाग एकत्र कार्यरत असतात, त्यांत तो मोडतो. आणि रँडी बकनर यांनी २००५ मध्ये लक्षात आणून दिल्याप्रमाणे ॲमिलॉइडही बव्हंशी त्याच भागांत साचते.

तिसऱ्या प्रकारच्या प्रतिमेची कथा विशेष मनोरंजक आहे. थायोफ्लेव्हिन हा कापड रंगविण्याच्या धंद्यातील पिवळा रंग. विकृतिशास्त्रज्ञ तो मेंदूच्या छेदातील पुंजके रंगविण्यासाठी पुष्कळ काळ वापरीत आले होते. हाच रंग जिवंत माणसाच्या मेंदूत पोचविता आला तर? अडचण अशी की, त्याच्या रेणूवर विद्युत्भार असल्याने तो रक्तातून मेंदूत शिरत नाही. पिट्सबर्ग येथील विल्यम क्लंक आणि चेस्टर मॅथिस यांनी रेणूत फेरफार करून तो भार काढून टाकला आणि त्याला किरणोत्सर्गी कार्बन जोडला. फेब्रुवारी २००२ मध्ये स्वीडनमधील उप्साला येथे ते द्रव्य पहिल्या रुग्णाला देण्यात आले, आणि २००४ मध्ये १६ रुग्ण व ९ निरोगी व्यक्ती यांच्या प्रतिमा प्रसिद्ध झाल्या. या कार्बनचे अर्धायुष्य अवघे २० मिनिटांचे असल्यामुळे ज्या आवारात सायक्लोट्रॉन आहे तेथेच ही तपासणी शक्य होती. पुढे ११० मिनिटे अर्धायुष्य असलेल्या फ्लुओरीनची द्रव्ये निघाली आणि त्यांपैकी पहिल्याला २०१२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली.

या तिन्ही खुणा कोणत्या क्रमाने उमटतात, हे ठरविण्यास एक अपवादात्मक समुदाय उपयोगी पडला. काही थोड्या कुटुंबांत आल्झायमरचा विकार एका जनुकाच्या दोषाने वंशपरंपरेने येतो, आणि आईला किंवा वडिलांना ज्या वयात तो झाला साधारण त्याच वयात मुलांना होतो. म्हणजे पुढे होणाऱ्या विकाराचे वर्ष अंदाजे आधीच ठाऊक असते. रँडल बेटमन आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये अशा कुटुंबांतील १२८ व्यक्तींवरून काढलेला निष्कर्ष असा : अपेक्षित आरंभापूर्वी सुमारे २५ वर्षे मेंदू व पाठीच्या कण्याभोवतीच्या द्रवातील ॲमिलॉइडचे प्रमाण बदलू लागते, सुमारे १५ वर्षे आधी ते मेंदूप्रतिमेत दिसते व झीजही मोजता येऊ लागते, आणि सुमारे १० वर्षे आधी साखरेचा वापर मंदावतो व प्रसंगस्मृतीच्या चाचणीत उणेपणा आढळतो. मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी यातील शेवटचा भाग पुन्हा एकदा वाचावा. काळजीपूर्वक रचलेली स्मृतिचाचणी साखरेच्या प्रतिमेच्या बरोबरीने बोलते, आणि तिला सायक्लोट्रॉन लागत नाही.

येथवरची हकीकत सरळ आहे. कोडे पडते ते सर्वसाधारण वृद्धांकडे वळल्यावर. २०१५ मध्ये विलेमाइन यान्सेन यांनी अनेक देशांतील अभ्यास एकत्र करून दाखविले की, ज्यांच्या बुद्धिव्यापारात काहीही उणे नाही अशा माणसांतही ॲमिलॉइडचा संचय वयाच्या पन्नाशीत सुमारे १० टक्के, तर नव्वदीत सुमारे ४४ टक्के लोकांत आढळतो. अमेरिकेतील कॅथलिक जोगिणींवर डेव्हिड स्नोडन यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या अभ्यासात एक जोगीण १०१ व्या वर्षी वारली. अखेरपर्यंत तिने चाचण्यांत उत्तम गुण मिळविले होते, पण तिच्या मेंदूत पुंजके आणि गुंते विपुल आढळले.

न्यायशास्त्रातील एक जुना विचार येथे उपयोगी पडेल. धुरावरून अग्नीचे अनुमान निर्दोष असते, कारण अग्नीवाचून धूर संभवत नाही. उलट, अग्नीवरून धुराचे अनुमान करता येत नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. अग्नीपासून धूर निघावयाचा तर ओले इंधन लागते. या अटीला नैयायिक 'उपाधी' म्हणतात, आणि उपाधी दृष्टीआड करून काढलेले अनुमान सदोष ठरवितात. आल्झायमर-जन्य स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाच्या मेंदूत ॲमिलॉइड असणारच, हे धुरावरून अग्नी ओळखण्यासारखे आहे. ॲमिलॉइड आहे म्हणून स्मृतिभ्रंश होणारच, हे अग्नीवरून धूर ओळखण्यासारखे आहे. वर्तमानपत्री वृत्तांतांत या दोन विधानांची सर्रास गल्लत होते, आणि क्वचित विद्वानांच्या लिखाणातही होते.

मग येथील ओले इंधन कोणते? एक उत्तर टाऊकडे बोट दाखविते. टाऊचे गुंते जिवंतपणी दाखविणाऱ्या द्रव्याला २०२० मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. त्याच वर्षी रेनो ला ज्वा यांनी सौम्य अवस्थेतील ३२ रुग्णांत असे दाखविले की, आज टाऊ जेथे दिसतो तेथेच पुढील सव्वा वर्षात झीज होते. ॲमिलॉइडच्या प्रतिमेवरून मात्र झिजेची जागा सांगता येत नाही. वृद्धपणी हिप्पोकॅम्पसच्या आसपास थोडेसे गुंते बहुतेक सर्वांच्याच मेंदूत असतात. ॲमिलॉइडच्या सान्निध्यात ते ती मर्यादा ओलांडून बाह्यकावर पसरू लागले, म्हणजे स्मृतीचा ऱ्हास जवळ आला असे समजावे, अशी आज बहुतेकांची धारणा आहे. हे पसरणे नेमके कशामुळे सुरू होते, ते अद्याप उलगडलेले नाही.

दुसरे उत्तर आपल्या शास्त्राच्या अधिक जवळचे आहे. याकोव्ह स्टर्न यांनी १९९२ मध्ये लक्षणांच्या दृष्टीने सारख्याच तीव्रतेच्या रुग्णांची तुलना केली, तेव्हा सुशिक्षित रुग्णांच्या शंखखंड व पार्श्वखंड यांतील रक्तप्रवाह अल्पशिक्षितांपेक्षा अधिक घटलेला आढळला. म्हणजे तेवढीच लक्षणे दिसण्यासाठी त्यांच्या मेंदूची अधिक हानी व्हावी लागली होती. या गंगाजळीला 'बोधात्मक संचित' म्हणता येईल. ती केवळ शाळेतच जमते असे नाही. हैदराबाद येथील सुवर्णा अल्लाडी यांनी २०१३ मध्ये ६४८ रुग्णांची जी पाहणी प्रसिद्ध केली, तीत एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाचा आरंभ एकभाषिकांपेक्षा सुमारे साडेचार वर्षे उशिरा झालेला आढळला, आणि हा फरक निरक्षरांतही दिसून आला. अशा पाहणीत स्थलांतर, व्यवसाय, दवाखान्यात येण्याची प्रवृत्ती यांचा प्रभाव पूर्णपणे वेगळा काढणे कठीण असते, हे मान्य करूनही तिचे महत्त्व कमी होत नाही.

आता मूळ वादाकडे येऊ. २०१८ मध्ये अमेरिकेतील अभ्यासकांच्या एका गटाने, क्लिफर्ड जॅक हे त्यांचे प्रमुख, असा आराखडा मांडला की आल्झायमरचा विकार लक्षणांवरून न ठरविता खुणांवरूनच ठरवावा; ॲमिलॉइड आणि टाऊ या दोन्ही खुणा आहेत तर विकार आहे, लक्षणे असोत वा नसोत. हा आराखडा संशोधनापुरता होता. २०२४ मधील सुधारित निकषांनी तोच विचार वैद्यकीय निदानापर्यंत आणला, आणि आरंभीच्या खुणांपैकी एकच जरी निश्चित आढळली तरी निदानास ती पुरेशी मानली. ब्रूनो द्युब्वा आणि त्यांच्या आंतरराष्ट्रीय गटाने २०२१ मध्ये व पुन्हा २०२४ मध्ये याला विरोध केला. त्यांच्या मते, खुणा आहेत पण लक्षणे नाहीत अशा व्यक्तीला रोगी न म्हणता धोका असलेली व्यक्ती म्हणावे. पहिल्या पक्षाचा युक्तिवाद असा की, मधुमेहाचे निदान रक्तातील साखरेवरून होते, डोळे जाण्याची वाट कोणी पाहत नाही. युक्तिवाद वजनदार आहे, परंतु त्यात एक उणीव आहे. रक्तातील साखर उतरविल्याने डोळ्यांचे रक्षण होते हे सिद्ध झालेले आहे. लक्षणे नसलेल्या माणसाच्या मेंदूतील ॲमिलॉइड काढल्याने पुढील विस्मरण टळते, हे सिद्ध झालेले नाही.

शिवाय धोक्याचे प्रमाणही पाहावे. रॉन ब्रुकमायर यांनी २०१८ मध्ये केलेल्या गणिताप्रमाणे, केवळ ॲमिलॉइडची खूण असलेल्या ६५ वर्षांच्या स्त्रीला उर्वरित आयुष्यात आल्झायमर-जन्य स्मृतिभ्रंश होण्याचा संभव सुमारे २९ टक्के, तर ९० वर्षांच्या स्त्रीला सुमारे ८ टक्के. दुसरीचा धोका कमी, कारण तिच्यापुढे आयुष्यच थोडे उरलेले असते. दोघींच्या प्रतिमा सारख्या असू शकतात. अर्थ सारखा नसतो. दहांतील सात पासष्टीच्या स्त्रियांना आयुष्यभर जो स्मृतिभ्रंश होणार नाही, त्या विकाराचे नाव त्यांना आज द्यावे काय? ते नाव एकदा ऐकल्यावर प्रत्येक हरवलेली किल्ली, प्रत्येक न आठवलेले नाव त्यांना निराळे वाटू लागेल. घरात त्यांच्या शब्दाला किंमत राहील काय, मिळकतीच्या कागदावरील त्यांची सही कोणी शंकेने पाहील काय, हे प्रश्न आपल्या कुटुंबव्यवस्थेत काल्पनिक नाहीत. प्रस्तुत लेखकाचा कौल म्हणूनच दुसऱ्या पक्षाकडे आहे. तक्रार घेऊन आलेल्या रुग्णाची गोष्ट वेगळी. अमेरिकेत ११ हजारांहून अधिक रुग्णांच्या पाहणीत, जिचा वृत्तांत २०१९ मध्ये गिल रॅबिनोविची यांनी दिला, ॲमिलॉइडच्या प्रतिमेनंतर सौम्य ऱ्हास व स्मृतिभ्रंश या दोन्ही वर्गांत सुमारे साठ टक्के रुग्णांच्या उपचारांची दिशा बदलली. अशा ठिकाणी खूण आणि लक्षण एकमेकांना आधार देतात, आणि प्रतिमा न काढणे हीच चूक ठरू शकते.

उपचारांमुळे या प्रश्नाला निकड आली आहे. ॲमिलॉइड काढून टाकणाऱ्या लेकानेमॅब या प्रतिपिंडाला जुलै २०२३ मध्ये अमेरिकेत पूर्ण मान्यता मिळाली. १,७९५ रुग्णांवरील अठरा महिन्यांच्या प्रयोगात ऱ्हासाचा वेग सुमारे २७ टक्क्यांनी मंदावला. १८ गुणांच्या मापनश्रेणीवर हा फरक ०.४५ गुणाचा होतो. काही रुग्णांत मेंदूला सूज येते वा सूक्ष्म रक्तस्राव होतो, म्हणून उपचार चालू असताना वारंवार एम्. आर्. आय्. काढावा लागतो. खुणांच्या अभ्यासकाला चक्रावून टाकणारी गोष्ट मात्र पुढेच आहे. या वर्गातील औषधे घेतलेल्या रुग्णांच्या मेंदूचे एकूण घनफळ औषध न घेतलेल्यांपेक्षा अधिक घटल्याचे आढळले. एक खूण सुधारली, दुसरी बिघडली, आणि रुग्णाची प्रकृती किंचित बरी राहिली. पुंजके व त्यांभोवतीचा दाह नाहीसा झाल्याने आकार घटला असावा, असे काही अभ्यासक म्हणतात. इतरांना ते पटत नाही. झीज म्हणजे हानी, हे वर केलेले विधानही आता सरसकट करता येत नाही, एवढे मात्र यावरून दिसते.

भारतात साठ वर्षांवरील लोकांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रव्यापी पाहणीने दिला. पी. ई. टी. यंत्र व त्यासाठीचा सायक्लोट्रॉन आपल्या देशात प्रथम मुंबईत परळ येथील विकिरण वैद्यक केंद्रात २००२ मध्ये आला. त्यानंतर अशी यंत्रे शहरोशहरी झाली, परंतु ती मुख्यत्वे कर्करोगासाठी राबतात. साध्या एम्. आर्. आय्.च्या बाबतीतही एक अडचण आहे. मेंदूचा कोणता भाग वयाच्या मानाने लहान आहे, हे सांगावयाचे तर तुलनेसाठी प्रमाण मेंदू लागतो, आणि प्रचलित प्रमाणे पाश्चात्त्य लोकांवरून घेतलेली आहेत. २०१९ मध्ये हैदराबादच्या आंतरराष्ट्रीय माहिती तंत्रज्ञान संस्थेने शंभर भारतीय व्यक्तींवरून मेंदूचा एक नकाशा तयार केला. भारतीय मेंदू पाश्चात्त्य प्रमाणापेक्षा सरासरीने लहान असल्याचे त्यात आढळले. परक्या मापाने मोजल्यास निरोगी माणूसही झिजलेला भासण्याचा संभव यातून उघड होतो. बंगलोर येथे भारतीय विज्ञान संस्थेच्या आवारातील मेंदू संशोधन केंद्र कोलार जिल्ह्यातील श्रीनिवासपूर तालुक्यात ग्रामीण वृद्धांचा जो दीर्घकालीन अभ्यास करीत आहे, त्याचे मोल या दृष्टीने मोठे आहे. रक्ताच्या तपासणीनेही आता मार्ग सुकर होत आहे. टाऊच्या एका रूपावर आधारलेल्या रक्तचाचणीला अमेरिकेत मे २०२५ मध्ये परवानगी मिळाली. ती लक्षणे असलेल्या, ५५ वर्षांवरील व्यक्तींपुरती आहे, हे जाहिराती वाचताना विसरू नये.

परंतु खूण प्रतिमेत दिसो वा रक्तात, तिचा अर्थ लावण्यासाठी स्मृतीचे विश्वसनीय मापन हवेच, आणि ते काम आपल्यासारख्या विभागांचे आहे. १९७५ पासून जगभर वापरली जाणारी संक्षिप्त मानसिक स्थिती चाचणी रुग्णाला एक वाक्य लिहावयास सांगते. ज्याने कधी पाटी-लेखणी हाती धरली नाही, त्याचा गुण तेथेच जातो. हरयाणातील बल्लभगढच्या निरक्षर वृद्धांसाठी मेरी गांगुली आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये तिचे हिंदी रूपांतर केले ते याच कारणाने. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पुढाकाराने तयार झालेला व २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला चाचणीसंच हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या पाच भाषांत प्रमाणित करण्यात आला; त्या पाचांत मराठी नव्हती. मराठीत असे काम करणाऱ्या विद्यार्थ्याला इंग्रजी शब्दयादीचा अनुवाद करून भागणार नाही. यादीतील शब्द सिंधुदुर्गातील आणि भंडाऱ्यातील वृद्धेला सारखेच परिचित असले पाहिजेत, आणि अर्ध्या तासानंतर त्यांतील किती आठवतात याची प्रमाणके वय, शिक्षण व बोली यांनुसार स्वतंत्रपणे गोळा केली पाहिजेत. आजची तारीख विचारली असता इंग्रजी महिना न सांगता पंचांगाची तिथी अचूक सांगणाऱ्या आजींना गुण द्यावयाचा की नाही, हेही चाचणी रचतानाच ठरवून ठेवावे लागेल.